पाषाणच्या महासंगणकातला अरबी समुद्र

पुण्याला समुद्र नाही, पण समुद्राचा हिशेब पुण्यात होतो. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ पासून मोसमी पावसाच्या मागावर आहे, आणि पावसाचा माग काढायचा तर अरबी समुद्र टाळून चालत नाही. २०१८ साली संस्थेत ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला, २०२४ साली त्याहून वेगवान ‘अर्क’. संस्थेनं उभं केलेलं पृथ्वीप्रणालीचं मॉडेल हे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालामागच्या जागतिक प्रयोगात उतरलेलं पहिलं भारतीय मॉडेल. त्यात वारा, पाऊस आणि प्रवाह यांच्याबरोबर एक जिवंत भागही आहे : उजेडाच्या थरात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक, त्यांना खाणारे प्राणिप्लवक आणि या साऱ्यांना पोसणारी नायट्रेट, फॉस्फेट, लोह अशी द्रव्यं. तारली, बांगडा, सुरमई ही सगळी मासळी शेवटी याच हिरव्या कणांवर उभी आहे, आणि हवेतला कार्बन खोल समुद्रात नेण्याचं कामही हेच कण करतात. मग साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या जीवाचं भवितव्य समीकरणांनी सांगितलं, तर त्यावर विश्वास किती ठेवायचा? या प्रश्नाच्या दोन बाजू इथे समोरासमोर ठेवतो. ‘मोजणी’ ही जहाजावर जाऊन पाणी तपासणाऱ्यांची बाजू, ‘मांडणी’ ही संगणकावर गणित मांडणाऱ्यांची. माझा कल मांडणीकडे आहे. पण मोजणीचे आक्षेप मी जराही सौम्य केलेले नाहीत. त्यांना उत्तर देता आलं तरच त्या कलाला काही किंमत आहे.

मोजणी : अहो, समुद्रातला एक आकडा हाती यायला काय काय करावं लागतं ते आधी पाहा. जहाज थांबवून बाटल्यांची चौकट खाली सोडायची आणि ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची. वर आल्यावर पहिला नमुना प्राणवायूचा काढायचा, कारण हवेचा बुडबुडा शिरला की तो आकडा गेला. मग प्लवकांसाठी लिटर-दोन लिटर पाणी काचतंतूच्या गाळणकागदातून ओढायचं. कागदावर उरतो तो फिकट हिरवट-पिवळा डाग. तो ९० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात, थंडाव्यात ठेवायचा, आणि त्यात उतरलेलं हरितद्रव्य प्रकाशात किती चमकतं त्यावरून त्याचं प्रमाण काढायचं. एवढं करून मिळतं ते एका जागेचं, एका खोलीचं, एका दिवसाचं उत्तर. आणि तुम्ही पाषाणला बसून सबंध समुद्राचं शतकभराचं उत्तर सांगता! तुमच्या मॉडेलची जाळी साधारण एक अंशाची, म्हणजे एकेक चौकोन सुमारे ११० किलोमीटरचा. महाराष्ट्राचा जवळपास ७२० किलोमीटरचा किनारा त्यात सहा-सात चौकोनांत संपतो. मुंबईच्या सांडपाण्याची खाडी आणि तिच्यापलीकडचं स्वच्छ पाणी एकाच सरासरीत जातं. प्लवकांच्या शेकडो जाती तुम्ही मोजक्या गटांत कोंबता. त्यातही तुमच्या मॉडेलचा जैवरासायनिक भाग मुळात अमेरिकेत, प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत घडलेला. याला अरबी समुद्र का म्हणायचं, हे मला तुम्ही समजावून सांगा.

मांडणी : सोपं केलेलं आहे, हे मान्य. ते आम्ही लपवलेलंही नाही, कारण सोपं करणं हाच या विद्येचा गाभा आहे. १९४६ साली गॉर्डन रायली यांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या जॉर्जेस बँक या उथळ, थंड समुद्रासाठी प्लवकांचा जमाखर्च मांडला : प्रकाशातून झालेली वाढ जमेला, श्वसन आणि चराई खर्चाला. १९९० साली मायकेल फॅशम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या पाण्यासाठी तोच विचार सात घटकांपर्यंत नेला : वनस्पतिप्लवक, प्राणिप्लवक, जीवाणू, नायट्रेट, अमोनियम, विरघळलेला सेंद्रिय नायट्रोजन आणि मृत अवशेष. नायट्रोजन या सातांत फिरतो, आणि प्रत्येक कणाचा हिशेब लागावाच लागतो. यातलं एकच सूत्र जवळून बघा. प्लवकांची वाढ म्हणजे कमाल वेग गुणिले एक अपूर्णांक. त्या अपूर्णांकाच्या अंशात नायट्रेट, आणि छेदात नायट्रेट अधिक एक स्थिरांक. तो स्थिरांक ०.५ मायक्रोमोल प्रति लिटर धरा. पाण्यात नायट्रेट ५ असेल तर वाढ कमाल वेगाच्या ९१ टक्के होते. नायट्रेट ०.५ वर आलं की ५० टक्के, आणि ०.०५ वर आलं की फक्त ९ टक्के. घसरण दोन्ही वेळा दहा पटींचीच आहे. पण पहिल्या वेळी वाढ निम्म्याच्या आसपास राहते आणि दुसऱ्या वेळी पाचवा हिस्साही उरत नाही. म्हणजे वरच्या पाण्यात मुळातच पोषण कमी असेल, तर खालून येणारा पुरवठा थोडासा आटला तरी फटका मोठा बसतो. ही गोष्ट गाळणकागदावरचा डाग सांगत नाही. डाग आज किती प्लवक आहेत ते सांगतो. उद्या पुरवठा बदलला तर काय होईल, हे सांगायला नियम लागतो, आणि मॉडेल म्हणजे अशा नियमांची उघड यादी. अमेरिकेत लिहिलेला नियम इथल्या पाण्याला लागू पडतो की नाही, हे इथल्या पाण्यावर तपासता येतं. जन्मस्थान पाहून त्याचा निकाल लागत नाही.

मोजणी : जन्मस्थानाचा मुद्दा एवढ्यावर सुटत नाही. या विद्येचा पाया उत्तरेच्या थंड समुद्रांत घातला गेला. नॉर्वेचे हॅराल्ड स्वेरड्रुप यांनी १९५३ साली नॉर्वेजियन समुद्रातल्या एका हवामान-जहाजावरच्या नोंदी घेऊन वसंतातल्या बहराचा सिद्धांत मांडला. तिथे हिवाळ्यात नायट्रेट मुबलक असतं, पण उजेड नसतो, आणि वादळं पाणी इतकं खोल ढवळतात की प्लवक अंधारातच फिरत राहतात. वसंतात ढवळलेला थर पातळ झाला, उजेड वाढला, की बहर येतो. त्याच सुमाराला शेकडो मीटर खोल दडी मारून बसलेले कॅलॅनस जातीचे प्राणिप्लवक वर येतात, आणि त्यांच्या पिलांवर कॉडची पिलं पोसली जातात. ते सगळं नाटक उजेडाच्या तालावर चालतं. अरबी समुद्रात उजेडाची वानवा कधीच नसते, टंचाई असते ती नायट्रेटची. बहर वर्षातून दोनदा येतो, आणि दोन्हींचा सूत्रधार वारा. शिवाय आपल्याकडे साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळपास नाहीच. तिथले जीवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. तुमचा नायट्रोजनचा ताळेबंद तर इथेच गळतो. आणि ज्या स्वेरड्रुपांवर हे सगळं उभं आहे, त्यांचा सिद्धांत टाकून द्यावा असं मायकेल बेहरेनफेल्ड यांनी २०१० साली उपग्रहांच्या नोंदी पुढे करून लिहिलं. उत्तर अटलांटिकमध्ये प्लवकांची निव्वळ वाढ पाणी सर्वांत खोल ढवळलेलं असताना, ऐन हिवाळ्यातच सुरू होते, असं त्यांना दिसलं. जिथला सिद्धांत तिथेच टिकत नाही, तो तुम्ही गोव्यासमोर आणून काय करणार?

मांडणी : तुमच्या आक्षेपातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. उत्तरेचं मॉडेल उचलून इथे लावलं तर ते चुकेल. रिचर्ड एपली यांनी १९७२ साली काढलेल्या संबंधानुसार तापमान वाढतं तसा प्लवकांच्या वाढीचा कमाल वेग वाढतो. ५ अंशांच्या पाण्याच्या तुलनेत २८ अंशांच्या पाण्यात तो चौपटीहून अधिक होतो. चराई आणि कुजणंही त्याच चालीनं वेगावतं. म्हणून इथल्या मॉडेलमध्ये स्थिरांक वेगळे लागतात आणि नायट्रेट खाणाऱ्या जीवाणूंचा खर्च मांडावाच लागतो. तो न मांडणारं मॉडेल अरबी समुद्रासाठी निरुपयोगी आहे, यावर आपलं दुमत नाही. पण दोन समुद्र एकमेकांना एवढे परके नाहीत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की ईशान्य अरबी समुद्रात हिवाळ्याचे कोरडे, थंड वारे पाण्याची वाफ करतात. वरचं पाणी थंड आणि जड होऊन खाली बसतं, त्या उलथापालथीत खोलवरचं नायट्रेट वर येतं आणि बहर फुलतो. उत्तरेकडे थंडी प्लवकांना उजेडापासून तोडते, इथे तीच थंडी त्यांना अन्न पुरवते. भौतिक नियम एकच, फळ उलटं. हे ज्या साधनात एकत्र मांडता येतं ते मॉडेलच, आणि म्हणूनच उत्तरेतून आपण आकडे घेऊ नयेत, पद्धत घ्यावी. स्वेरड्रुपांविषयी म्हणाल, तर त्यांनी आपलं म्हणणं सूत्रात लिहून ठेवलं म्हणूनच ५७ वर्षांनी कुणाला ते नेमकं कुठे अडतं ते दाखवता आलं. मोघम विधानाला कुणी असं खोडू शकत नाही. तो वाद अजून संपलेला नाही, पण कशावर वाद आहे हे दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसतं.

मोजणी : मग आपल्याच समुद्राचा वाद घेऊ. मूळचे गोव्याचे जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘सायन्स’मध्ये लिहिलं की युरेशियातलं बर्फ कमी होतंय, त्यामुळे जमीन जास्त तापते, नैर्ऋत्य वारे जोर धरतात, खालचं पाणी जास्त वर येतं, आणि १९९७ पासून पश्चिम अरबी समुद्राच्या किनाऱ्यालगत उन्हाळी प्लवक ३५० टक्क्यांहून अधिक वाढले. अकरा वर्षांनी, २०१६ साली, पाषाणच्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी सांगतात की सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातले प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले, आणि हा समृद्ध भाग पुढे जैविक वाळवंट होऊ शकतो. एकाच भागातल्या पाण्याबद्दल दोन टोकांची विधानं! आणि त्या सहा दशकांकडे नीट बघा. समुद्राचा रंग सलग मोजणारा उपग्रह १९९७ साली गेला. त्याआधीची चार दशकं सलग मोजली कुणी? कुणीही नाही. तो २० टक्क्यांचा आकडा मॉडेलमधून आलेला आहे. आणि जे मोजलंच नाही ते घटलं म्हणणं मला पटत नाही.

मांडणी : हा तुमचा सर्वांत जोरदार मुद्दा, म्हणून त्याला सावकाश उत्तर देतो. २००५ चा निष्कर्ष कशावर उभा होता? उपग्रहाच्या जेमतेम सात वर्षांच्या नोंदींवर. म्हणजे तिथे मोजणीच होती, मॉडेल नव्हतं. पण ती मोजणी १९९७ साली सुरू झाली, आणि त्या वर्षी अल निनो आणि हिंदी महासागरातलं द्विध्रुवी आंदोलन दोन्ही अतिशय तीव्र होते. इतक्या असाधारण वर्षापासून काढलेली सात वर्षांची रेषा हवामानबदल दाखवते की त्या वर्षाचा ओसर दाखवते, हे त्या रेषेकडे कितीही बघितलं तरी कळत नाही. मोजणी खरी होती. तिचा अर्थ लावायला काळ अपुरा होता. आता २०१६ चं बघा. त्यातली चाळीस वर्षं मॉडेलची आहेत हे खरंच. पण मॉडेलमध्ये ही घट ज्या कारणानं होते ते मोजलेलं आहे : १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढलं. वरचं पाणी तापलं की हलकं होतं, खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखं बसतं, आणि नायट्रेटचा पुरवठा रोखतं. पोषण आधीच कमी असताना ०.५ वरून ०.०५ वर आलं तर काय होतं, हे आपण वर पाहिलं. शिवाय ज्या सोळा वर्षांचे उपग्रह-आकडे त्या वेळी उपलब्ध होते त्यांचा कलही घटीचाच होता. म्हणून २० हा आकडा मी मोजमाप मानत नाही. मोजलेल्या कारणापासून, उघड नियमांनी काढलेला आणि पुढच्या नोंदींनी खोटा ठरू शकणारा तो अंदाज आहे. आणि दोन्ही निष्कर्षांमागची भौतिक कारणं एकाच वेळी खरी असू शकतात : वारा पाणी वर ओढतो, उष्णता ते दाबून ठेवते. या ओढाताणीत कोण कुठे आणि किती वर्षं वरचढ ठरतं, हे दोन्ही बळं एकत्र मांडल्याशिवाय सांगता येत नाही. वाद सोडवण्यासाठी गणित लागतं ते इथे.

मोजणी : बळं दोनच असती तर मीही मान्य केलं असतं. पण तुमच्या यंत्रात पेच पुष्कळ, आणि ते कुठेही फिरवून हवं ते उत्तर काढता येतं. चराईचा वेग, बुडण्याचा वेग, कुजण्याचा वेग, सगळे जुळवून घेतलेले. शिवाय अनेक मॉडेल हिवाळ्यातला उत्तर अरबी समुद्र प्रत्यक्षाहून थंड दाखवतात, हे तुमच्याच लोकांनी छापलं आहे. ज्या हिवाळी बहराचं तुम्ही आत्ता कौतुक केलंत, त्याचा पायाच तिथे चुकीचा. आणि सजीव तुमच्या डब्यांत बसायला बांधील नाहीत. गेल्या काही दशकांत तिथल्या हिवाळी बहरात डायटम या वनस्पतिप्लवकांऐवजी हिरव्या नॉक्टिल्युकाचं राज्य आलं आहे. हा जीव दुसऱ्या प्लवकांना खातो आणि स्वतःच्या पोटात हिरवे सहजीवी पाळून उजेडावरही जगतो. तो वनस्पतीच्या डब्यात घालणार की प्राण्याच्या? मासळीला त्याचा उपयोग कमी. त्यावर जगतात ते सॅल्प आणि जेलीफिश. हरितद्रव्याचा आकडा बरोबर आला आणि अन्नसाखळी बदलली, तर तुमचं बरोबर उत्तर कोळ्याच्या काय कामाचं?

मांडणी : पेचांबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एका आकड्याशी जुळवलेलं मॉडेल काहीही सिद्ध करत नाही. म्हणून कसोटी अशी हवी की ज्या नोंदींवर पेच फिरवले त्या बाजूला ठेवून, न पाहिलेल्या नोंदींवर मॉडेल तपासायचं. हरितद्रव्य जुळलं तर नायट्रेट जुळतं का, नायट्रेट जुळलं तर प्राणवायू जुळतो का, हे विचारायचं. तिन्ही एकाच वेळी खोटेपणानं जुळवणं फार अवघड असतं. थंडीच्या चुकीचंही तसंच. ती सापडली, कारण मॉडेलनं ठरावीक ठिकाणी ठरावीक आकडा दिला आणि तो मोजलेल्या आकड्याशी जुळला नाही. आता नॉक्टिल्युका. हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलं की खालून वर पसरणारं कमी प्राणवायूचं पाणी या जीवाला सोयीचं ठरतं. नंतर भारतीय संशोधकांनी ईशान्य अरबी समुद्रात असे बहर नोंदवले जिथे पाण्यात प्राणवायूची टंचाई नव्हती. हा वाद बाटलीनंच उभा केला, पण केवळ बाटल्यांची संख्या वाढवून तो सुटणार नाही. प्राणवायू, सिलिकेटचा पुरवठा आणि थंड भोवरे यांपैकी एकेक कारण वेगळं काढून काय उरतं ते पाहावं लागेल. समुद्रात एखादं कारण बंद करून बघण्याची सोय नाही, मॉडेलमध्ये आहे. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हेच, की नॉक्टिल्युकाला दोन्ही डब्यांत पाय ठेवणारा तिसरा डबा हवा, आणि तो नसलेल्या मॉडेलनं हिवाळी मासळीबद्दल बोलू नये.

मोजणी : बोलू नये म्हणता, पण बोलतात ना! ‘जैविक वाळवंट’ हे दोन शब्द वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापले जातात, आणि त्यांच्यामागची अनिश्चितता कुणी छापत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला आज उपयोगी पडतो तो हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा मासेमारी सल्ला. तो उपग्रहानं टिपलेलं तापमान आणि हरितद्रव्य पाहून, मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते सांगतो. त्यात शतकाचं भाकीत नसतं. आणि पैशाचं काय? ‘अर्क’ आणि नोएडाचा ‘अरुणिका’ यांना मिळून ८५० कोटी रुपये लागले. ‘सागर कन्या’ हे संशोधन-जहाज १९८३ पासून धावतं आहे. थोडे कोटी नव्या जहाजांना, नव्या मोजणी-केंद्रांना दिले असते तर तुमच्या मॉडेलचंही भलं झालं असतं.

मांडणी : महासंगणक मुख्यतः पाऊस, वादळं आणि उष्णतेच्या लाटा यांच्या अंदाजासाठी घेतले आहेत, प्लवकांचा वाटा त्यात लहान आहे. म्हणून तो पैसा प्लवकांच्या नावे मांडणं योग्य नाही. पण जहाजं वाढावीत, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मासेमारी सल्ल्याचंही मोल मी कमी करत नाही. मात्र तो सल्ला कुठे थांबतो ते पाहा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर. याच काळात आकाश ढगांनी भरलेलं, म्हणजे समुद्राचा रंग पाहणाऱ्या उपग्रहाचे डोळे झाकलेले. खवळलेल्या पाण्यात संशोधन-जहाजंही मोजकीच. आणि नेमकं तेव्हाच अरबी समुद्रातलं वर्षातलं सर्वांत मोठं काम चालू असतं : खालचं पाणी वर येतं, प्लवक फुलतात, आणि त्यांचे अवशेष कुजताना उथळ किनारपट्टीवरचा प्राणवायू संपत जातो. गोव्याच्या संस्थेतले सय्यद वाजिह नक्वी आणि सहकारी यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं की भारताच्या पश्चिम किनारपट्टीवर प्राणवायूची ही हंगामी टंचाई तीव्र होत आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरणारा वायू मोठ्या प्रमाणावर सुटतो. होड्या ऑगस्टमध्ये पाण्यात उतरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही टंचाई टोकाला असते. मधल्या दोन-तीन महिन्यांत काय घडलं याचा सलग हिशेब ठेवू शकणाऱ्या गोष्टी दोनच : खोल बुडी मारून पुन्हा वर येणारे स्वयंचलित तरंगते मापक, आणि त्या विरळ नोंदींना एकत्र बांधणारं मॉडेल. मापक ठिपके देतात, मॉडेल त्या ठिपक्यांमधली जागा नियमानं भरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढचा मापक कुठे टाकला तर अज्ञान सर्वांत जास्त कमी होईल, हेही मॉडेलच सांगू शकतं. मोजणीचा पैसा वाया जाऊ नये असं वाटणाऱ्यानं मॉडेलशी भांडू नये, त्याला कामाला लावावं.

मोजणी : कामाला लावायचं तर अटी घालून लावा.

मांडणी : घाला अटी. मला वाटतं त्या चार असाव्यात. एक, प्लवकांच्या भविष्याबद्दलचा कोणताही आकडा एकट्या मॉडेलवरून जाहीर करू नये. निरनिराळ्या मॉडेलांचा पल्ला त्याच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापावा. दोन, एक अंशाच्या जाळीनं रत्नागिरी किंवा वेंगुर्ल्याबद्दल बोलू नये. त्यासाठी काही किलोमीटरच्या जाळीचं किनारी मॉडेल लागतं, आणि ते जोवर नाही तोवर मोठ्या मॉडेलनं खोल समुद्रापुरतंच बोलावं. तीन, प्रत्येक मॉडेलनं आपण कशानं खोटे ठरू ते आधी लिहून ठेवावं : अमुक वर्षांत, अमुक पट्ट्यात, अमुक खोलीवर नायट्रेट घटलं नाही तर आमचा झाकणाचा सिद्धांत चुकला. चार, समीकरणं लिहिणाऱ्यांबरोबर प्लवक ओळखणारा जीवशास्त्रज्ञ त्याच खोलीत बसलेला असावा. सूक्ष्मदर्शकाखाली डायटम आणि नॉक्टिल्युका वेगळे सांगू शकणारी माणसं नवीन घडली नाहीत, तर कितीही वेगवान महासंगणक आणून उपयोग नाही.

मोजणीनं या चार अटी मान्य केल्या तरी तिचा संशय संपणार नाही, आणि तो संपूही नये. पण आपण खरी निवड कशात करत आहोत, हे या वादातून स्पष्ट व्हावं असं मला वाटतं. निवड मोजणी आणि मॉडेल यांच्यात नाहीच. मॉडेल सगळ्यांकडेच असतं. ‘समुद्र तापला तर मासळी कमी होईल’ म्हणणारा, ‘वारा वाढला तर मासळी वाढेल’ म्हणणारा आणि ‘मागच्या वर्षीसारखंच होईल’ म्हणणारा, या तिघांच्याही डोक्यात एकेक मॉडेल असतं. फरक एवढाच की डोक्यातलं मॉडेल कुणाला तपासता येत नाही, आणि पाषाणच्या यंत्रातलं ओळ न् ओळ तपासता येतं. २००५ च्या निष्कर्षाला खरी अडचण आली ती मोजणीच्या चुकीमुळे नाही. सात वर्षांच्या मोजणीमागे उभं असलेलं गृहीत उलट्या बळाशी झुंजवून पाहिलेलं नव्हतं, म्हणून. उद्या २०१६ चा निष्कर्ष डळमळला, तर तोही मोजणीनंच डळमळेल, पण नेमका कुठे ते आधीपासून माहीत असेल. विज्ञानात विश्वास ठेवण्याजोगं साधन ते, जे आपलं मर्म उघडं ठेवतं.

म्हणून पुण्यावर एक जबाबदारी येते. समुद्रापासून दूर असलेल्या शहरानं समुद्राबद्दल देशाच्या वतीनं बोलायचं असेल, तर त्याच्या प्रत्येक आकड्यामागे गोवा, कोची आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांतून आलेलं, जहाजांवर गाळलेलं, मापकांनी नोंदलेलं पाणी असायला हवं. जिथे ते नाही तिथे ‘इथे मोजणी नाही’ असं मॉडेलनं स्वतः ठळकपणे दाखवायला हवं. नॉर्वेनं आपल्या थंड समुद्रावर हवामान-जहाज ठेवलं, तिथल्या नोंदींतून सिद्धांत आला, आणि दशकांनंतरच्या नव्या नोंदींनी त्याला आव्हान दिलं. त्या क्रमातून शिकण्यासारखं हेच, की मोजणीनं मांडणीला जन्म द्यावा आणि मोजणीनंच तिला वेळोवेळी पाडावं. अरबी समुद्राला आता स्वतःची मांडणी मिळते आहे. तिला पाडू शकेल इतकी मोजणी उभी करणं, हे पुढच्या दशकातलं या देशाचं समुद्रविज्ञानातलं सर्वांत निकडीचं काम आहे, आणि ते मागण्यात मांडणी करणाऱ्यांनीच पुढे असायला हवं.